किनाऱ्यावर मिळालेल्या दोन कवट्या: सगळे दात एकसारखे का, आणि नाक कपाळावर कसे?

विज्ञानशिक्षिका_देवगड

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पावसाळा संपल्यानंतर आमच्या किनाऱ्यावर रापणकरांना (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) वाळूत अर्धवट गाडलेल्या दोन कवट्या मिळाल्या आणि त्यांनी मला पाहायला बोलावले. वनरक्षक येईपर्यंत सुमारे दोन तास आमच्या हाताशी होते. तेवढ्या वेळात मी मोजमापे घेतली, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली आणि नंतर दोन्ही कवट्या पंचनामा करून वनविभागाच्या ताब्यात दिल्या. त्यामुळे खालचे प्रश्न वही आणि छायाचित्रे समोर ठेवून विचारत आहे.

मोठी कवटी मागच्या टोकापासून चोचीच्या टोकापर्यंत ५३ सेंटिमीटर भरली, त्यांपैकी चोच ३२ सेंटिमीटर. वरच्या जबड्यात डाव्या बाजूला दातांच्या ३६ खोबण्या मोजता आल्या, पण दात पाचच शिल्लक होते. ते सगळे सुळ्यासारखे टोकदार आणि किंचित आत वळलेले. रापणकरांनी तिला पाहताक्षणी ‘गादा’, म्हणजे डॉल्फिन, म्हटले. लहान कवटी जेमतेम २१ सेंटिमीटर, तोंड आखूड आणि रुंद. तिच्या वरच्या जबड्यात एका बाजूला १८ खोबण्या होत्या, आणि जे दात शिल्लक होते ते टोकदार नसून चपटे होते, लहानशा फावड्याच्या पात्यासारखे.

माझे प्रश्न असे. पहिला, या दोन कवट्या एकाच जातीच्या प्रौढाची आणि पिल्लाची आहेत, की दोन वेगळ्या जातींच्या? दुसरा, सस्तन प्राण्यांचे दात पटाशीचे, सुळे, उपदाढा आणि दाढा असे चार प्रकारचे असतात, असे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मग येथे सगळे दात एकाच साच्यातून काढल्यासारखे का? तिसरा, मोठ्या कवटीची नाकाची भोके चोचीच्या टोकाला नसून जवळजवळ कपाळावर आहेत, आणि समोरून पाहिल्यास तो सारा भाग डावीकडे सरकलेला दिसतो. हे व्यंग म्हणावे, की वाळूखाली दबून आलेला वाकडेपणा? शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. तिला मोठ्या कवटीजवळच गुंडाळलेल्या शिंपल्यासारखे, साडेतीन सेंटिमीटरचे, आकाराच्या मानाने फार जड असे हाड मिळाले. ते कवटीत कोठेच बसेना. ते याच प्राण्याचे असेल का?

प्राणिशास्त्र_कोल्हापूर

बाई, आपण मोजमापे इतकी नेटकी घेतली आहेत की छायाचित्रांवाचूनही बरेच सांगता येते. कवट्या वनविभागाकडे सोपवल्या हेही योग्यच झाले. हे प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांचे अवशेष परवानगीवाचून जवळ बाळगता येत नाहीत. शाळांच्या प्रयोगशाळांत सद्हेतूने ठेवलेली अशी हाडे मी पाहिलेली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

या दोन जाती वेगळ्या आहेत, आणि तसे सांगण्यास आपण लिहिलेले दातच पुरेसे आहेत. डॉल्फिनचा दात शंकूसारखा असतो, तर पॉरपॉइज या वेगळ्या कुळातील प्राण्यांचा दात दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा असतो आणि मुळाशी त्याला मान असल्यासारखी आकुंचित जागा दिसते. आपल्या किनाऱ्यावर या कुळातील एकच जात आढळते, ती म्हणजे पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉरपॉइज. त्याच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २२ दात असतात. प्रौढ प्राण्याचीही कवटी वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासच भरते, म्हणून लहान आकारावरून तिला पिल्लाची समजू नये. खात्री करायची असेल तर छायाचित्रात नाकाच्या भोकांच्या लगेच पुढे दोन गोलसर उंचवटे दिसतात का, ते पाहावे. पॉरपॉइज कुळाची ती ठळक खूण आहे. डॉल्फिनच्या कवटीत तो भाग सपाट असतो.

मोठी कवटी हम्पबॅक डॉल्फिनची असावी असे मला वाटते. आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी हाच डॉल्फिन सर्वांत अधिक दिसतो, आणि लांब अरुंद चोच व प्रत्येक बाजूला तेहेतीस ते एकोणचाळीस दात हे वर्णन त्याला जुळते. बॉटलनोज डॉल्फिनची चोच आखूड असते आणि त्याचे दात एका बाजूला तिशीच्या आतच राहतात. कॉमन डॉल्फिनचे दात बारीक, संख्येने बरेच अधिक, आणि त्याच्या टाळूवर दोन खोल पन्हाळी असतात. टाळूचे छायाचित्र असेल तर एवढे तपासून घ्यावे.

आता नाकाविषयी. कुत्र्याची किंवा गाईची कवटी डोळ्यांसमोर आणा: नाकाची भोके पुढे, त्यामागे लांब नासास्थी (नाकाची हाडे), मग ललाटास्थी (कपाळाचे हाड), मग डोक्याचा कळस. डॉल्फिनमध्ये वरच्या जबड्याची हाडे मागे वाढत जाऊन ललाटास्थींवर पसरली आहेत, इतकी की वरून पाहताना ललाटास्थीची एक अरुंद पट्टीच काय ती उघडी राहते. नासास्थी आक्रसून भोकांच्या मागे दोन गाठींसारख्या उरल्या आहेत, आणि पार्श्वकपालास्थी (कवटीच्या माथ्याची दोन बाजूंची हाडे) कडेला ढकलल्या गेल्या आहेत. दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकवाव्यात तशी ही रचना दिसते, म्हणून तिला टेलिस्कोपिंग म्हणतात. गेरिट मिलर यांनी १९२३ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिले. दात नसलेल्या बलीन देवमाशांतही नाक मागे गेलेले आहे, पण तेथे वरच्या जबड्याचा एक फाटा ललाटास्थीच्या खालून मागे जातो आणि डोक्याचे मागचे हाड पुढे येते. एकाच गरजेला दोन गटांनी दिलेली ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या शरीररचनेतला सर्वांत पाहण्यासारखा भाग हाच. डोके पाण्याबाहेर न काढता, पोहण्याचा वेग न मोडता, क्षणभरात श्वास घेता यावा ही ती गरज.

डावीकडचा कल हे व्यंगही नव्हे आणि वाळूचा परिणामही नव्हे. डॉल्फिनसह दात असलेल्या देवमाशांच्या बहुतेक जातींत उजव्या बाजूची हाडे अधिक रुंद असतात आणि नाकाची भोके डावीकडे सरकलेली असतात. आवाज काढणारे अवयव नाकाच्या मार्गातच, श्वासरंध्राच्या खाली असतात. त्यांच्या दोन जोड्यांपैकी उजवी मोठी असते, आणि वरची हाडे त्या मऊ अवयवांना आधार देतात. आवाजाच्या या यंत्रणेशी कवटीचा वाकडेपणा निगडित आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भक्ष्य अख्खे गिळताना स्वरयंत्राला वाट करून देण्यासाठी तो आला असावा, असाही एक विचार मांडलेला आहे. तोंडाच्या पुढच्या भागात मात्र हा फरक जवळजवळ दिसत नाही. पॉरपॉइजमध्ये असमानता फार थोडी असते. लहान कवटी समोरून पाहिल्यावर आपल्याला ती जाणवली नाही, त्याचे कारण हेच.

दंतचिकित्सक_सांगली

मी माणसांची दंतवैद्य आहे, पण प्राण्यांच्या दातांविषयी गेली काही वर्षे आवडीने वाचत आले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करते.

आपण वर्गात शिकवता ते चूक नाही. दातांचे चार प्रकार हा सस्तन प्राण्यांचा मूळ आराखडा आहे. त्यात जबड्याच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, तीन पटाशीचे दात, एक सुळा, चार उपदाढा आणि तीन दाढा, असे एकूण ४४ दात येतात. डॉल्फिनने तो आराखडा दोन प्रकारे मोडला: दातांतला फरक घालवला आणि संख्या कितीतरी वाढवली. आपल्या मोठ्या कवटीच्या चारही बाजू धरल्या तर तोंडात सव्वाशेहून अधिक दात असणार. प्रत्येकाला मूळ एकच, आणि वर ना खळगे, ना उंचवटे.

कारण असे की दाढेचे काम चावण्याचे असते. वरची दाढ खालच्या दाढेत नेमकी बसावी लागते, आणि त्यासाठी जबडा थोडा आडवा हलावा लागतो, सांधा तसा असावा लागतो, स्नायू बळकट लागतात. डॉल्फिन चावत नाही. तो निसटता मासा पकडतो, फिरवून डोक्याकडून तोंडात घेतो आणि गिळतो. अन्न दळण्याचे काम पुढे पोटाच्या कप्प्यांत होते. पकडण्यापुरतेच काम उरले की एकमेकांत गुंतणाऱ्या टोकांची लांब रांग सर्वांत सोयीची ठरते. खालच्या जबड्याचा सांधा छायाचित्रात पाहिलात तर तो अगदी साध्या बिजागरीसारखा दिसेल.

हा बदल गर्भात कसा घडतो, याचाही थोडा उलगडा झाला आहे. उंदराच्या भ्रूणात जबड्याच्या पुढच्या भागात बीएमपी-४ नावाचे जनुक कार्यरत असते आणि तेथे पटाशीचे दात येतात. मागच्या भागात एफजीएफ-८ कार्यरत असते आणि तेथे दाढा येतात. ठिपकेदार डॉल्फिनच्या भ्रूणांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीएमपी-४ ची हद्द जबड्याच्या मागच्या भागापर्यंत पसरलेली आढळली. पुढच्या दाताला साधेपणा देणारी सूचनाच मागेपर्यंत गेली, असे मुलांना सांगता येईल.

आणखी एक गोष्ट मुलांना आवडेल. माणसाला दुधाचे २० दात येतात, ते पडतात आणि कायमचे ३२ येतात. डॉल्फिनला दातांचा एकच संच येतो आणि तो आयुष्यभर पुरवावा लागतो. जो पडला तो गेला. दाताच्या आतल्या पोकळीत मात्र डेंटिनचे (दात ज्याचा बनतो त्या कठीण द्रव्याचे) थर वर्षानुवर्षे साचत राहतात, झाडाच्या खोडातील वलयांसारखे. दाताचा पातळ उभा छेद घेऊन, त्यावर आम्लाची व रंगाची प्रक्रिया करून हे थर मोजले की प्राण्याचे वय काढता येते. ही पद्धत प्रथम सीलच्या दातांवर १९५० च्या सुमारास शेफर आणि लॉज यांनी वापरली. पुढे पाळलेल्या डॉल्फिनना टेट्रासायक्लिन देऊन थरांत खूण उमटवली गेली आणि एक थरसमूह म्हणजे एक वर्ष, हे पडताळून पाहता आले. जे औषध लहान मुलांना दिल्यास दातांवर कायमचे डाग पडतात म्हणून आम्ही टाळतो, त्याच्याच डागांचा असा उपयोग झाला, हे वाचून मला फार विशेष वाटले होते. वनविभागाने अनुमती दिली आणि एखाद्या संशोधन संस्थेने काम हाती घेतले, तर आपल्या मोठ्या डॉल्फिनचे वय त्या पाचांपैकी एका दातावरून कळू शकेल.

साधेपणाची ही वाट मात्र प्रत्येक जातीत वेगळ्या ठिकाणी पोहोचली आहे. स्पर्म व्हेलला कामाचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि वरच्या हिरडीत ते बसण्यासाठी खळगे असतात. रिसोच्या डॉल्फिनला वरच्या जबड्यात बहुधा एकही दात नसतो, खाली पुढच्या टोकाला थोडेसेच असतात. तो माकुलावर जगतो आणि भक्ष्य तोंडात ओढून घेतो. नरव्हालचे ‘शिंग’ हा प्रत्यक्षात वरच्या जबड्याचा डावा सुळा असून तो ओठ भेदून अडीच मीटरच्या पुढेही वाढतो आणि त्याचा पीळ नेहमी डावाच असतो. उजवा सुळा सहसा हाडातच दडून राहतो. चोचीच्या देवमाशांच्या बहुतेक जातींत केवळ नराच्या खालच्या जबड्यात दातांची एक जोडी बाहेर येते, आणि ती खाण्यासाठी नसून आपसांतील झुंजीसाठी असते.

कच्छवासी

मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरीमुळे गेली बरीच वर्षे भुजमध्ये आहे. त्या जड हाडाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्या विद्यार्थिनीला मिळालेले हाड बहुधा कानाचे आहे. त्याला टिंपॅनिक बुला म्हणतात. गुंडाळलेल्या शिंपल्यासारखा आकार, एक कड पातळ आणि एक जाड, वजन अनपेक्षित, हे सगळे वर्णन त्याचेच. डॉल्फिनमध्ये कानाची हाडे कवटीला सांधलेली नसतात. हवेच्या पोकळ्यांनी वेढलेली ती हाडे तंतूंनी जणू टांगलेली असतात, म्हणजे कवटीतून येणारी कंपने कानात न मिसळता डाव्या-उजव्या कानाला आवाजाची दिशा स्वतंत्रपणे कळते. मांस कुजले की ती गळून पडतात. किनाऱ्यावरच्या कवट्यांत ती बहुधा नसतात, आणि म्हणूनच ते हाड कवटीत बसवायला जागा मिळाली नाही. ते अजून शाळेत असेल तर कृपया तेही वनविभागाकडे द्यावे.

त्या हाडाची जाड कड ही देवमाशांची वंशखूण आहे. जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात कालाकोट येथे मिळालेल्या इंडोह्यूस या हरणासारख्या लहान, खूर असलेल्या प्राण्याचे वर्णन रंगा राव यांनी १९७१ मध्ये केले होते. त्यांनी जमवलेल्या दगडांतील एका कवटीचा कान पुढे साफ करताना तीच जाड कड दिसली, आणि २००७ मध्ये हा प्राणी देवमाशांचा जवळचा नातेवाईक असल्याचे मांडले गेले. येथे कच्छमध्ये हरुडीच्या परिसरात चार कोटी वर्षांहून जुन्या थरांत आद्य देवमाशांचे अवशेष मिळतात. अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी १९७५ मध्ये इंडोसेटसचे वर्णन केले ते येथूनच. बाई, आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्या प्राण्यांना पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा स्वतंत्र होत्या आणि नाक अजून पुष्कळ पुढे होते. आज डॉल्फिनमध्ये जे एकत्र दिसते ते टप्प्याटप्प्याने आले.

दातांच्या मुळांनी एकदा मोठी चूकही दुरुस्त केली आहे. अमेरिकेत मिळालेल्या प्रचंड मणक्यांना रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्याचे मानून बॅसिलोसॉरस, म्हणजे राजसरडा, असे नाव दिले. १८३९ मध्ये ती हाडे लंडनला आली तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी मागच्या दातांना दोन-दोन मुळे असल्याचे पाहिले, छेद घेऊन आतील रचना तपासली आणि हा सस्तन प्राणी असल्याचे दाखवले. सरपटणाऱ्यांच्या दाताला दोन मुळे नसतात. नामकरणाच्या नियमांमुळे सरड्याचे नाव मात्र त्या देवमाशाला कायमचे चिकटले.

विज्ञानशिक्षिका_देवगड

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. छायाचित्रे मोठी करून पाहिली. लहान कवटीत नाकापुढचे दोन उंचवटे स्पष्ट आहेत, आणि मोठीच्या टाळूवर पन्हाळी नाहीत. कानाचे हाड आज वनरक्षकांकडे पोहोचवले. ते सोपवताना विद्यार्थिनीचे डोळे भरून आले, पण कारण तिला पटले.

एक निरीक्षण मी आधी लिहायला विसरले होते. मोठ्या कवटीचा खालचा जबडा मागच्या बाजूला आतून पोकळ होता, आणि बाहेरची भिंत इतकी पातळ की उन्हात धरल्यावर प्रकाश पलीकडे दिसत होता. हाड झिजल्यामुळे असे झाले असेल का? शिवाय मुले विचारतात की बलीन देवमाशांना आणि समुद्रगाईला दात असतात का. २०१५ साली रेवदंड्याला आलेल्या निळ्या देवमाशाविषयी त्यांनी घरी ऐकले आहे.

प्राणिशास्त्र_कोल्हापूर

हाड झिजलेले नाही, ते मुळातच तसे असते. जिवंतपणी ती पोकळी एका विशिष्ट चरबीने भरलेली असते आणि ती चरबी थेट कानाच्या हाडापर्यंत पोहोचते. पाण्यातला आवाज त्या पातळ भिंतीतून आत शिरतो आणि चरबीतून कानाकडे जातो, हा विचार केनेथ नॉरिस यांनी १९६० च्या दशकात मांडला आणि पुढील प्रयोगांनी त्याला बळ मिळाले. म्हणजे दात असलेल्या ज्या जबड्याला आपण केवळ तोंडाचा भाग समजतो, तो या प्राण्याचा बाह्यकर्णही आहे. जबडा जड आणि भक्कम करून चावण्याची ताकद वाढवणे या प्राण्याला परवडले नसते. दात इतके साधे राहण्याशी याचाही संबंध असावा, असे माझे मत आहे.

बलीन देवमाशांना जन्मानंतर दात नसतात. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या झालरी आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, केराटिनच्या असतात. पण गर्भावस्थेत त्यांच्या जबड्यात दातांचे अंकुर येतात आणि जन्मापूर्वी विरून जातात. एतिएन जोफ्रुआ सेंत-इलेर यांनी ते १८०७ मध्येच पाहिले होते. या गटात इनॅमल (दाताचे कठीण बाह्य कवच) घडवण्यास लागणारे एमएमपी-२० हे जनुक निकामी झालेले आहे. ते निकामी करणारा डीएनएचा तुकडा सर्व बलीन जातींत एकाच ठिकाणी आढळतो, यावरून दात घडवण्याची क्षमता त्यांच्या समान पूर्वजातच लोपू लागली होती, हे उघड होते.

समुद्रगाय देवमाशांच्या नात्यातली नव्हे. तिचे नाते हत्तीशी. आपल्या देशात ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार येथे आहे. समुद्रतळाचे गवत उपटून खायचे असल्यामुळे तिच्या वरच्या जबड्याचा पुढचा भाग जवळजवळ काटकोनात खाली वाकलेला असतो आणि तोंड जमिनीकडे वळलेले राहते. ती चावते, म्हणून तिला दाढा आहेत. पुढच्या दाढा झिजून पडतात आणि शेवटच्या दोन आयुष्यभर वाढत राहतात. वयात आलेल्या नराला सुळ्यासारखे दोन दातही बाहेर येतात, पण ते पटाशीचे दात आहेत. हत्तीचे सुळेही शरीररचनेच्या दृष्टीने पटाशीचेच दात असतात, हे मुलांना अवश्य सांगावे.

मॉन्टेरेकर

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहत असल्याने एवढीच भर घालतो. सागरी सस्तन प्राण्यांत चावणाऱ्यांचा आणखी एक गट येथे रोज दिसतो, तो म्हणजे सागरी ऊदमांजर (सी ऑटर). शिंपले आणि खेकडे फोडण्यासाठी त्याच्या दाढा रुंद आणि गोलसर, उखळीच्या तळासारख्या झाल्या आहेत; धार जवळजवळ नाहीच. जांभळे समुद्रसाळू सतत खाणाऱ्या ऊदमांजरांचे दात आणि हाडेसुद्धा जांभळट होतात. याच्या अगदी उलट टोक म्हणजे अंटार्क्टिकातील क्रॅबईटर सील. नावात खेकडा असला तरी तो क्रिलवर (कोळंबीसारख्या बारीक जिवांवर) जगतो, आणि त्याच्या प्रत्येक दाढेला मागे वळलेली अशी बोटे असतात की वरखालचे दात मिटले की गाळणी तयार होते आणि पाणी बाहेर टाकून क्रिल आत राहते. बलीन देवमाशांनी दात घालवून जे साधले, ते या सीलने दातांना फाटे फोडून साधले.

बाईंना एक विनंती. पुन्हा अशी कवटी मिळाली तर खोबण्या मोजताना टोकाकडच्या अगदी बारीक खोबण्या सुटणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि चारही बाजूंचे आकडे वेगवेगळे लिहावेत. डाव्या-उजव्या बाजूंत एक-दोन दातांचा फरक अनेकदा असतो. ताजे शव असेल तर हातमोज्यांशिवाय मुलांना जवळ जाऊ देऊ नये.